परक्या कॉलेजचा शिक्का

आमचं पिंपरीचं कॉलेज तेव्हा अगदी नवं होतं. ग्रंथालय म्हणजे चार कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली. संख्याशास्त्राची परीक्षा दीड महिन्यावर आली होती आणि मला हवं असलेलं जाडजूड पुस्तक तिथे नव्हतं. पुण्याच्या एका जुन्या कॉलेजात होतं, पण तिथे परक्या विद्यार्थ्यांना दारातूनच वाटेला लावत. आकुर्डीत आमच्या शेजारी राहणारी मैत्रीण त्याच कॉलेजात शिकायची. तिने माझ्यासाठी आपल्या कार्डावर ते पुस्तक आणलं. पुस्तक घरी असेपर्यंत कार्ड तिथल्या लाकडी पेटीत राहायचं, अशी पद्धत होती. यात चोरी कसली? पुस्तक वाचायलाच छापतात. मी तेव्हाही हेच म्हणत होते, आजही म्हणते.

घोळ घातला आमच्या कॉलेजच्या शिपायांनी. आमची दोन पुस्तकं परत करताना त्या गठ्ठ्यात माझ्याकडून हेही गेलं. त्यांनी न बघता तिन्हींच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर धाडधाड आमच्या कॉलेजचे शिक्के मारले.

"आता मारला त्यो मारला, ताई," ते म्हणाले. "पुसायचं औषध न्हाई माझ्याकडं."

मैत्रीण पुस्तक परत करायला गेली तेव्हा तो शिक्का लगेच दिसला. ग्रंथपालांनी तिची सगळी कार्डं जप्त केली. तिचीही परीक्षा तोंडावर होती. घरी येऊन ती रडली, पण मला एका शब्दाने बोलली नाही. तेच मला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी पुण्याला गेले. ग्रंथपाल काउंटरमागे बसले होते, पुस्तक पुराव्यासारखं समोरच ठेवलेलं.

"पुस्तक मी वाचत होते, शिक्का आमच्या शिपायांनी चुकून मारला," मी म्हणाले. "शिक्षा मला करा, तिची कार्डं द्या."

"तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाही. तुमचं काय जप्त करणार?"

"मग आधी मला कार्ड द्या, आणि मग ते जप्त करा."

मैत्रिणीने माझा पदर ओढला. मी हलले नाही. उलट पुस्तक उघडून ती चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. मैत्रिणीने नेलं त्याआधीची एकही तारीख त्या चिठ्ठीवर नव्हती.

"इथे धूळ खात पडलं तर चालतं, आणि पिंपरीला गेलं की बाटतं का?"

त्यांनी चिठ्ठी वाचून पुस्तक मिटलं. मग मैत्रिणीची कार्डं तिच्यापुढे सरकवली. खणातून एक कोरं कार्ड काढलं, माझं नाव आणि कॉलेज विचारून त्यावर लिहिलं. मी हात पुढे केला, तर त्यांनी कार्ड मागे घेतलं.

"जप्त," ते म्हणाले.

आणि ते लाकडी पेटीत खोचून त्यांनी पुस्तक माझ्याकडे ढकललं.

"पंधरा दिवसांनी आणा. आणि तुमच्या त्या शिपायापासून लांब ठेवा."