खडकीची लढाई, ई-मेलने

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कोणावर? जो आपल्या बाजूने आहे त्याच्यावर, की ज्याला दोन्ही बाजूंचं सगळं माहीत आहे त्याच्यावर? घाई नाही, आधी चहा घ्या. कोथरूडच्या माझ्या रंगांच्या दुकानात बसून मी हा प्रश्न स्वतःला कितीदा विचारला असेल. उत्तर सापडलं नाही, किस्से मात्र साठले. दुकानात रिकामे डबे साठतात तसे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही.

आता डावाच्या फाइलचं हे काम तुम्ही घेताय, तर मुळापासून सांगतो.

आम्ही चौघं. नकाशावर पुठ्ठ्याच्या सोंगट्या मांडून जुन्या लढाया खेळायच्या, हे आमचं वेड. त्यातही खडकीची लढाई फार लाडकी. एकीकडे पेशव्यांचं घोडदळ, दुसरीकडे कंपनीच्या तोफा. रफीकभाई कॅम्पातले बुकबाइंडर, सोंगट्या त्यांनी कापल्या. पवार खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, दामले बँकेतून. रविवारी रफीकभाईंच्या टेबलावर डाव पडायचा.

मग दामलेवहिनी गेल्या आणि मुलीने वडिलांना अमेरिकेला नेलं. महिन्याभरात दामल्यांचा फोन. "इथे सगळं आहे हो शेठ. फक्त भांडायला माणूस नाही!"

म्हणून डाव ऑनलाइन न्यायचं ठरलं. दुकानात बिलांसाठी कॉम्प्युटर होता, त्याच्याशी झटापट करत मी हे काम शिकलो. दर डावाआधी कोणाची पलटण कुठे उभी, कोणाची कुठे लपलेली, हे नकाशावर मांडून फाइल बनवायची आणि खेळणाऱ्या दोघांना ई-मेल करायची. ज्याला त्याला आपलीच लपलेली माणसं दिसतात. सगळी दिसतात ती फक्त फाइल करणाऱ्याला. म्हणजे मला. या फाइलवरचा विश्वास एकदा उडाला की डाव संपला, आणि डाव संपला की दामले तिकडे एकटे. हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नव्हतं.

* * *

पहिली अडचण म्हणजे आता कायमचा इंग्रज कोण होणार? पवार म्हणाले, "मी पेशव्यांकडून." रफीकभाई म्हणाले, "मीपण पेशव्यांकडून." मी तर दुकानदार, गिऱ्हाइकांसमोर कंपनीचं नाव घेणं शक्यच नव्हतं!

फोनवरून दामले म्हणाले, "कमाल आहे. व्हिसासाठी सगळं पुणे रांगेत उभं, आणि खेळात इंग्रज व्हायला माणूस मिळेना!"

शेवटी इंग्रज तेच झाले. म्हणाले, "द्या मला कंपनी. मी बँकेत कर्जवसुलीला होतो, शिव्यांची सवय आहे."

* * *

नकाशा मोठा, स्कॅनर लहान. तुकडे करून स्कॅन केला आणि कॉम्प्युटरवर जोडला. डोळ्यांतून पाणी काढणारं ते काम. त्यात एक तुकडा जरा तिरका बसला, आणि मुळा नदी मधेच तुटली. मला दिसलंच नाही. पवारांना दिसलं! त्यांनी सगळं घोडदळ त्या फटीतून कोरडंठाक पलीकडे काढलं आणि दामल्यांच्या पाठीमागे नेऊन उभं केलं.

मला वाटलं, झालं, आता दामले चिडणार. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. "पेशव्यांकडे सगळं होतं. तुमचा स्कॅनर तेवढा नव्हता!"

* * *

नदी शिवली, तर दलदलीवरून पेटलं. त्या लढाईत मराठ्यांची घोडी दलदलीत फसली, असं पुस्तकात आहे. म्हणून मी नकाशावर दलदल टाकली. फाइल मिळाल्या मिळाल्या पवार स्कूटर काढून दुकानात हजर.

"अहो, मी जन्म काढला खडकीच्या क्वार्टर्समध्ये. तिथे दलदल बिलदल काही नाही!"

"पवार, दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही."

"तेव्हाही नसणार. फार तर ड्रेनेज फुटतं."

मी दामल्यांना कळवलं. ते म्हणाले, "मग तेच धरा. घोडी अडकली म्हणजे झालं."

आजही ती फाइल उघडलीत तर नकाशावर त्या जागी 'फुटलेलं ड्रेनेज' असं लिहिलेलं आहे. बदलू नका. दोन्ही बाजूंच्या संमतीने झालंय.

* * *

फाशांचं आणखी वेगळं. सुरुवातीला दोघं आपापल्या घरी फासे टाकायचे आणि फोनवर आकडा सांगायचे. दामल्यांना सारखे सहा पडायला लागले. पवार काही म्हणाले नाहीत, एवढंच विचारलं, "तिकडचे फासे इम्पोर्टेड असतात का?"

त्या दिवसापासून फासे माझ्या काउंटरवर आले. ते मी टाकले तरी संशय नको, म्हणून समोर येईल त्या गिऱ्हाइकाला टाकायला सांगायचो. एक बाई पिवळा डिस्टेंपर न्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, जरा हे टाकता?" त्यांनी टाकले, सगळ्यांवर एक पडला. मी म्हटलं, "अरेरे, अख्खी पलटण गेली!"

त्या रंग न घेताच गेल्या. आजतागायत समोरच्या दुकानातून घेतात.

* * *

एकच कॉम्प्युटर, त्यावर दुकानही आणि लढाईही. गडबड व्हायचीच. फाइलींची नावंसुद्धा 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशी. एकदा घाईत दामल्यांना लढाईच्या जागी ऑइल पेंटची रेट लिस्ट गेली. तिकडून उत्तर आलं, "सैन्य पाहिलं. प्रायमर कोणत्या बाजूचा ते कळवा, त्यावर तोफ डागतो."

हसलो मी. पण खरी फाइल मग दामल्यांऐवजी नांदेड सिटीच्या एका कॉन्ट्रॅक्टरला गेली होती. तो बिचारा दुकानात येऊन अदबीने विचारतो, "शेठ, हे माझ्या साइटचं आहे का? तोफा कुठे बसवायच्यात?"

* * *

आमच्यात सर्वांत सरळ माणूस रफीकभाई, असं मी समजत होतो. ते एकदा पेशव्यांकडून खेळत होते. दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शेठ, दामलेसाहेबांनी माणसं कुठे लपवलीत ते मी विचारणार नाही. मी फक्त नकाशावर बोट फिरवतो. तुम्ही नुसते बसा."

त्यांचं बोट फिरायला लागलं. मी छताकडे बघत बसलो. थोड्या वेळाने म्हणाले, "बास, कळलं."

"काय कळलं? मी हललोसुद्धा नाही!"

"अहो, गणेशखिंडीपाशी बोट आलं तेव्हा तुम्ही श्वास घेणं बंद केलंत!"

त्या दिवसापासून फाइल करायला घेतली की मी शटर अर्धं ओढतो. कंटाळा आलाय हो या सगळ्याचा. दुसऱ्यांची गुपितं सांभाळायची म्हणजे साधा श्वाससुद्धा हिशेबाने घ्यायचा.

* * *

आता शेवटचं. हे गेल्या आठवड्यातलं.

दामल्यांची नजर जवळजवळ गेली आहे. मुलगी नकाशा वाचून दाखवते, ते जागा सांगतात, ती मला लिहून पाठवते. मागचे सगळे डाव ते हरले. या वेळीही त्यांची मांडणी आली, मी फाइल करायला बसलो, आणि पवारांचा फोन.

"शेठ, दामल्यांची मोठी तोफ कुठे आहे?"

इतक्या वर्षांत या माणसाने कधी एक शब्द विचारला नव्हता. म्हटलं, "पवार, तुम्हीसुद्धा?"

"जिंकायला नाही हो विचारत. त्यांची मुलगी म्हणाली, बाबा आता खेळ बंद करू म्हणतायत. मला घोडदळ बरोब्बर त्या तोफेसमोर न्यायचंय. जागा तेवढी सांगा."

"ते सांगायचं नसतं, पवार."

"माहीत आहे," म्हणाले. पण फोन ठेवेनात. शेवटी मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय, तर दामल्यांचा फोन.

"शेठ, पवार तुम्हाला माझी तोफ विचारतील. विचारली का?"

मी शटर वर ढकललं.

"विचारलीच असणार. मला ओळखू येतो तो माणूस, त्याला डोळे लागत नाहीत. सांगू नका. फुकटचं जिंकायला मी अजून एवढा म्हातारा झालेलो नाही."

मी "बरं" म्हटलं, शटर अर्धं ओढलं, फाइल पुरी केली आणि दोघांना पाठवली.

परवा पवारांची पहिली चाल आली. घोडदळ नदीकडे वळलं नाही की गणेशखिंडीकडे वळलं नाही. सरळ निघालं आणि त्या तोफेच्या तोंडासमोर जाऊन उभं राहिलं. जागा कशी कळली, ते मला विचारू नका. फासे एका पेंटरने टाकले.

आज सकाळी मुलीचा मेल आलाय. एकच ओळ आहे. "बाबा विचारतायत, पवारकाकांचे घोडेस्वार किती पडले?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आजपासून फाइल तुमच्याकडे, तेव्हा उत्तरही तुम्हीच द्यायचं. या खुर्चीत बसा. माझी विनंती एवढीच, पडलेल्यांचा हिशेब दोन्ही बाजूंचा प्रामाणिकपणे ठेवा.