कानपिळीचे अकरा रुपये

१९५१ सालची भाऊबीज. रक्कम अकरा रुपये. हजर तिघे: मी, माझी पत्नी तारा आणि तिचे थोरले बंधू. ओवाळून झालं, आणि पाटावरून उठता उठता बंधूंनी हात लांब करून माझा डावा कान असा पिळला की डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यांची-माझी ही पहिलीच भेट होती.

"लग्नात राहिला होता," ते म्हणाले. "आता झाला, दाजी."

आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो आणि नवरा मुलगा त्याला पोशाख किंवा पैसे देतो, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या लग्नात हे झालं नाही. तिचा भाऊ तेव्हा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. पुढे माझी नोकरी हुबळीला होती, त्यामुळे त्यांच्या रजेत कधी गाठ पडली नाही. मी बेंगळूरला आलो त्याच वर्षी तेही पलटण सोडून घरी आले. मी आत जाऊन अकरा रुपये आणले. त्यांनी हात मागे घेतला.

"कान माझ्या हक्काचा. पैसे नाहीत. लग्नाला आला नाही त्या भावाला कसले पैसे?"

"मग कान तरी कशाला?" तारा म्हणाली.

"ते तुझ्यासाठी नाही ग. दाजींना आठवण राहावी म्हणून."

पुढची सोळा-सतरा वर्षं दर भाऊबीजेला हेच चाललं. कान पिळला जाई, अकरा रुपये पुढे होत आणि परत माझ्या खिशात येत. मी एका गिरणीच्या हिशेबखात्यात काम करतो. दिलेली रक्कम घेतली जात नाही ही गोष्ट मला कधीच सहन झाली नाही.

त्यांना सगळे हवालदार म्हणत. तारा अण्णा म्हणे. राहायला ते देवनहळ्ळीला, किल्ल्याच्या आतल्या बाजूला, त्यांच्या आईच्या माहेरच्या घरात. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं. परसात पपनसाची तीन झाडं होती. चामराजपेटेत आमच्याकडे येताना जाळीच्या पिशवीत चार मोठी पपनसं असत. तिकडे त्यांना चकोत म्हणतात आणि हवालदारही चकोतच म्हणत. सोलायचं काम दुसऱ्या कुणाला देत नसत. एकेक फोड पांढऱ्या सालीतून सुटी करून, बी काढून ताटलीत मांडत, आणि ताटली भरेपर्यंत कुणी हात लावला की म्हणत, "स्वल्प थांबा. पुरं होऊ द्या."

इतका सावध माणूस मी पाहिलेला नाही. विडी पेटवली की काडी विझवत, मोडत, दोन्ही तुकडे पाण्यात बुडवत आणि मगच टाकत. आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी स्टोव्हजवळ जाऊन वास घेत. शिडीवर चढायची वेळ आली तर प्रत्येक पायरी हातानं दाबून पाहत. तारा चिडे. "अण्णा, तू काय सासू आहेस का माझी?" ते म्हणत, "सासू परवडली. ती आग लागल्यावर बोलते."

आणि याच माणसाच्या पलटणीच्या कागदावर लिहिलेलं होतं की उजव्या पायाची इजा स्वतःच्या निष्काळजीपणाने, खेचरावर सामान लादताना उतारावरून घसरून झाली.

पाय गुडघ्याखाली अधू होता. थंडीच्या दिवसांत तो इतका ठणके की बसल्या जागी ते मांडी दोन्ही हातांनी दाबून धरत आणि म्हणत, "आज पाय ब्रह्मदेशात गेलाय. येईल संध्याकाळपर्यंत." इजेनंतर त्यांना हलक्या कामावर ठेवलं आणि पुढे पाय चालत नाही म्हणून घरी पाठवलं. पुऱ्या पेन्शनइतकी नोकरी झालेली नव्हती आणि निष्काळजीपणाच्या इजेला पेन्शन मिळत नाही. गावातल्या रेशमाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायच्या जागेसाठी गेले. मालकानं कागद पाहिला, तो शब्द वाचला आणि गोदामाऐवजी फाटकावर उभं केलं. दहा वर्षं ते त्या पायावर उभे राहिले.

तारा त्यांच्यावर जीव टाकायची, पण एक गोष्ट तिनं कधी सोडली नाही. वडील आधीच गेलेले. सख्खा भाऊ एकच, आणि तो लग्नाला आला नाही. "रजा मिळाली नाही," असं त्यांचं कार्ड आलं होतं. तिच्या मागे उभं राहायला, तिला सासरी पोहोचवायला दूरचा एक चुलतभाऊ आला होता आणि तो जेवणावर रुसून निघून गेला. दर भाऊबीजेला निरांजन खाली ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघेच, "शेजारच्या लक्ष्मक्काच्या भावाला मिळाली रजा. आमच्याच भावाला मिळाली नाही." हवालदार सुपारी कातरत म्हणत, "सरकारची चाकरी, तारे."

१९६१ मध्ये कारखान्यानं त्यांना काढलं. फाटकावर उभं राहणं जमेना. परसातली पपनसं विकून माणूस जगत नाही. आमच्याकडे येऊन राहा म्हटलं तर म्हणाले, "बहिणीच्या घरी चार दिवस. पाचव्या दिवशी चकोत पण आंबट लागतो." तेव्हा मी त्यांचे कागद मागितले आणि पहिल्यांदा नीट वाचले. वाचून झाल्यावर विचारलं, "हवालदार, तुम्ही घसरलात?"

"लिहिलंय ना."

"मी लिहिलेलं विचारत नाही."

ते म्हणाले, "गोळा पडला. बाजूला. खेचर गेलं. मी राहिलो."

मी त्यांना बेंगळूरच्या छावणी भागातल्या एका इस्पितळात घेऊन गेलो आणि पायाचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली. हाडाच्या कडेला चार पांढरेशुभ्र ठिपके होते. "हे घसरून होत नाही," डॉक्टर म्हणाले. "लोखंड आहे हे." हवालदारांनी मान वाकडी करून पाहिलं. "चार आहेत होय? मला तीनच वाटत होते."

नोंद दुरुस्त करून मिळावी असा अर्ज मी लिहिला आणि फिल्म जोडून रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. उत्तर सरळ होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फिल्ममध्ये धातू दिसतो. त्या दिवशी, दोन मे १९४४ रोजी, त्या ठाण्यावर तोफेचे गोळे पडल्याची नोंदही पलटणीच्या रोजनिशीत आहे. पण आपण घसरून पडलो, असं या माणसानं स्वतः सांगून त्याखाली सही केलेली आहे. तसं का सांगितलं, याचा खुलासा त्यानं शपथेवर द्यावा.

हवालदार खुलासा देईनात. पत्र घेऊन मी दोनदा देवनहळ्ळीला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला पपनस सोलून खाऊ घातलं आणि बसला बसवलं. तिसऱ्या वेळी मी हट्टानं त्यांना किल्ल्याच्या तटावर घेऊन गेलो. दुपार होती, वर कुणी नव्हतं. मी म्हटलं, "एका ओळीसाठी सगळं अडलंय. काय लाज आहे त्यात?"

"लाज नाही, दाजी. लग्न होतं."

"कुणाचं?"

"तुमचंच की."

ते तटाच्या दगडावर काठीनं टकटक करत बोलत राहिले. त्यांची रजा मंजूर झाली होती, चार तारखेपासून. लग्न चौदा तारखेचं. दोन तारखेला गोळा पडला. लढाईत जखमी झालेल्याच्या घरी सरकारची तार जाते. त्यांच्या घरी तार म्हणजे सगळी गल्ली दारात, आणि वाचून दाखवणार तो शेजारचा मास्तर. ताराचं आधीचं एक स्थळ साखरपुड्यानंतर वडील वारले म्हणून मोडलं होतं. पोरीच्या पायगुणाबद्दल लोक तेव्हाच बोलून गेले होते. "आणि तुमचे वडील," ते म्हणाले, "शिंक आली तर अर्धा तास घराबाहेर न पडणारे. त्यात अशी तार आली असती तर त्यांनी काय केलं असतं, तुम्हीच सांगा."

मी माझ्या वडिलांना ओळखत होतो. त्यांनी लग्न मोडलं असतं.

"घसरून पडलेल्याची तार जात नाही. म्हणून घसरलो म्हणालो. कारकुनानं लिहिलं, मी सही केली. पायाला फळ्या बांधलेल्या, तशा लग्नात येऊन करू काय? रजा मिळाली नाही म्हणून कार्ड टाकलं."

"आणि निष्काळजीपणा?"

"तो शब्द मला नंतर कळला. इंग्रजीत होता." मग म्हणाले, "तो मात्र लागला मला."

मी म्हटलं, हे तारेला सांगायला हवं. ते एकदम ताठ झाले. "शपथेवर सांगा म्हणता ते सरकारला सांगतो. तिला नाही. तिचा संसार माझ्या पायावर उभा आहे असं तिला वाटायला नको. जेवताना आठवेल तिला. मी रुसवा खाईन, मला सवय आहे." ते जिवंत असेपर्यंत बोलणार नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून तिथेच घेतला. मग आम्ही खाली आलो आणि मी खुलासा लिहिला. त्यात बहिणीचं लग्न आहे, बहिणीचं नाव नाही. पाठवायच्या आधी त्यांनी तो चारदा मराठीत समजावून घेतला.

१९६३ मध्ये निकाल आला. नोंद दुरुस्त झाली होती: शत्रूच्या तोफगोळ्याने झालेली जखम. पेन्शन महिना अठ्ठावीस रुपये. पत्र घेऊन मी त्याच दिवशी देवनहळ्ळी गाठली. त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि तो शब्द?"

"खोडला."

"सगळा?"

"सगळा."

"सरी, बरं झालं," ते म्हणाले. खिशातून विडी काढली, पेटवली, आणि काडी न मोडता, न विझवता अंगणात भिरकावून दिली. मी पाहतच राहिलो. दोन झुरके झाले असतील नसतील, काठी टेकत उठले, अंगणात गेले, काडी शोधली, मोडली आणि पाण्याच्या लोट्यात बुडवून परत आले. "सवय," म्हणाले.

त्या भाऊबीजेला तारा आत गेल्यावर मी हळूच अकरा रुपये पुढे केले. आता मला ठाऊक आहे, आता तरी घ्या, म्हटलं. त्यांनी नेहमीसारखीच मान हलवली. "तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या मनात मी अजून लग्नाला आलेलो नाही." मग तारा पपनसाची ताटली घेऊन बाहेर आली आणि लक्ष्मक्काच्या भावाची रजा पुन्हा निघाली. हवालदार सुपारी कातरत माझ्याकडे बघून हसले. मी ताटलीकडे पाहिलं.

पाच वर्षं त्यांनी ते पेन्शन घेतलं. पहिल्या पैशांतून तारेला हिरवी इरकली साडी आणली. तिनं "आता सुचतंय," म्हटलं आणि ती साडी फक्त सणाला नेसली. १९६८ च्या पौषात पाय ब्रह्मदेशात गेला म्हणाले, आणि त्या वेळी ते स्वतःच परत आले नाहीत. आम्ही पोहोचलो तेव्हा स्टोव्ह विझवलेला होता, चाकी घट्ट फिरवलेली होती आणि पिशवीत आमच्यासाठी चार पपनसं भरून ठेवलेली होती.

दोन महिन्यांचं पेन्शन उचलायचं राहिलं होतं. वारस म्हणून ते तारेला मिळायचं होतं. फेब्रुवारीत आम्ही दोघं खजिन्याच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून भला माणूस होता. सही घेण्यापूर्वी कागदात काय आहे ते तो प्रत्येकाला कानडीत वाचून सांगे. त्यानं हवालदारांचं नाव वाचलं, पलटण वाचली. मग वाचलं, पेन्शनचं कारण: युद्धात झालेली जखम, तारीख दोन मे १९४४.

ताराचा हात थांबला. आमच्याकडे लग्नाचा दिवस मी इंग्रजी तारखेनं पाळतो. दर चौदा मेला घरात गोड असतं. तिनं कारकुनाला तारीख पुन्हा विचारली. त्यानं पुन्हा सांगितली. "युद्धात?" तिनं विचारलं. "हौदु अम्मा, युद्धात," तो म्हणाला. तिनं सही केली, पैसे मोजून घेतले आणि बाहेर व्हरांड्यात येऊन खांबाला टेकून उभी राहिली.

"बारा दिवस आधी," ती म्हणाली.

मी तेव्हा सगळं सांगितलं. तार, मास्तर, माझे वडील, चार तारखेपासूनची रजा. ते होते तोवर शब्द पाळला, आता तो संपला होता. व्हरांड्यातून लोक जात-येत होते.

"रजा मिळाली होती," ती शेवटी म्हणाली.

"मिळाली होती."

"म्हणजे तो निघाला होता."

"निघाला होता."

तिनं पदर कमरेला खोचला, हात वर केला आणि भर व्हरांड्यात माझा डावा कान धरून पिळला. अगदी तसाच, वरून धरून खाली ओढत. डोळ्यांत पाणी आलं.

"काढा अकरा रुपये."

मी काढले. दहाची एक नोट आणि एकाची एक. तिनं ते पदराच्या वेगळ्या टोकाला बांधले, सरकारच्या पैशांत मिसळू दिले नाहीत. छप्पन रुपये खजिन्याकडून आणि अकरा रुपये माझ्याकडून. घेणार, हवालदारांची बहीण.