गुंडीच्या बैठकीची तालीम

नाटक कंपनीत त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. सगळे त्यांना कुजबुजे म्हणत, आणि ते इतकं आडनावासारखं वाटे की एका नव्या नटीने आपल्या लग्नाची पत्रिका त्याच नावाने पाठवली होती. काम प्रॉम्प्टरचं. उजव्या विंगेत एका डुगडुगत्या स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात बारका टॉर्च, आणि नट अडखळला की पुढचा शब्द असा सोडायचा की त्याला ऐकू जावा पण पहिल्या रांगेला जाऊ नये. उभी हयात त्यांनी यात काढली. टाळ्या कधी वाट्याला आल्या नाहीत, पण त्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

आता हे कुजबुजे आजोबा झाले होते, आणि घरात वेगळ्याच प्रयोगाची तयारी चालली होती.

नात तिसरीत होती. गोल चेहऱ्याची, म्हणून गुंडी. तिला समजायचं सगळं, पण बोलायला वेळ लागायचा. प्रश्न विचारला की ती आधी आत कुठेतरी जायची, शब्द शोधायची आणि एकेक करून बाहेर आणायची. तोवर वर्गातली इतर पोरं उत्तर देऊन मोकळी. सोमवारी शाळेत तिच्यासाठी बैठक होती. पुढच्या वर्षी गुंडीने याच वर्गात राहायचं की सध्या ती अधूनमधून जायची त्या वेगळ्या, छोट्या खोलीतल्या वर्गात कायमचं जायचं, हे मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि विशेष शिक्षिका मिळून ठरवणार होत्या. आणि या खेपेला त्यांनी गुंडीलाही बोलावलं होतं. तिला काय हवंय ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

मुलाला कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून त्याच्या जागी सुनेबरोबर आजोबा जाणार होते.

"बाबा, आपण घरीच एकदा तालीम करू," सून म्हणाली. हा शब्द तिने उच्चारला मात्र, आजोबांच्या अंगात वारं शिरलं. जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढलं गेलं. सुनेने तीन खुर्च्या एका बाजूला आणि एक समोर मांडली, तर आजोबा म्हणाले, "छे छे, हा कोर्टाचा सीन झाला," आणि सगळ्या पुन्हा फिरवल्या. मुख्याध्यापिकेची भूमिका त्यांनी अर्थातच स्वतःकडे घेतली. सुनेची शाल खांद्यावर टाकली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. गुंडी खुदकन हसली.

"काय गं मुली, तुला शाळेत काय आवडतं?" आजोबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

गुंडी टेबलावरच्या ओरखड्याकडे बघत राहिली.

"चित्रकला," आजोबा हळूच म्हणाले.

"बाबा!"

"बरं बरं, चुकलं. पुन्हा घेऊ. तुझी मैत्रीण कोण?"

गुंडीचे ओठ हलले.

"ती दोन वेण्यांची," आजोबांच्या तोंडून निसटलं.

पुढच्या प्रश्नालाही तेच झालं, तेव्हा सुनेने औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी आणून टेबलावर ठेवली. "लावू का?"

"मुख्याध्यापिकेच्या तोंडाला? शोभेल का ते?"

गुंडी हसून हसून खुर्चीतून घसरली, पण उत्तर राहिलं ते राहिलंच. शेवटी सुनेने तिला एकच वाक्य पाठ करायला दिलं, 'मला माझ्याच वर्गात राहायचंय.' गुंडीने मान डोलावली. ती नेहमीच मान डोलवायची.

संध्याकाळी भांडी घासताना सून मागे न वळता म्हणाली, "बाबा, ती विसरत नाही हो. ती थांबते. तुम्हाला यातला फरक मी सांगायचा का?"

आजोबांना ते झोंबलं. ते गॅलरीत जाऊन बसले. कंपनीत एक थोरल्या बाई होत्या, आईच्या भूमिका करायच्या. शेवटच्या अंकात मुलाला निरोप देताना त्या अशा थांबायच्या, की नवख्याला वाटावं, संपलं, बाई अडकल्या. आजोबांचं बोट पुढच्या वाक्यावर असायचं, वाक्य ओठांवर असायचं, पण ते त्यांनी एकदाही सोडलं नाही. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू यायची. मग बाई बोलायच्या, आणि मागच्या रांगेपर्यंत माणसं डोळे पुसायची. पडदा पडल्यावर जाता जाता त्या आजोबांच्या खांद्यावर नुसता हात ठेवायच्या.

काय दिवस होते ते! रंगाचा आणि पावडरीचा वास, मागच्या दाराशी गार होत चाललेला चहा, पुढच्या गावाला निघालेली बस आणि तिच्यात कुणाच्याही खांद्यावर कुणाचंही डोकं. कंपनी बंद पडली तेव्हा सगळ्यांनी आपापलं सामान उचललं. आजोबांचं असं काहीच नव्हतं, म्हणून ते स्टूल उचलायला गेले, तर ते थिएटरच्या मालकीचं निघालं.

त्यानंतर त्यांना शब्द द्यायला कुणी उरलंच नाही. बायको म्हणायची, "अहो, आता तरी विंगेतून बाहेर या." बाहेर येऊन करायचं काय, हे मात्र तिने सांगितलं नाही, आणि पुढे तीही गेली. मग गुंडी आली, उशिरा बोलायला लागली, आणि तिच्या प्रत्येक थांबण्यात आजोबांना आपली जुनी जागा सापडली. आपण नातीला मदत करतोय, असं ते धरून चालले होते. खरं तर त्यांचंच मन रमत होतं. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि थोरल्या बाईंची फार आठवण आली.

सोमवारी शाळेतल्या लहान मुलांच्या खुर्च्यांवर सगळे बसले. आजोबांचे गुडघे हनुवटीला टेकायला आले होते.

"गुंडी, पुढच्या वर्षी तुला कसं हवंय?" विशेष शिक्षिकेने विचारलं.

गुंडी शब्द शोधायला आत गेली. वर्गशिक्षिकेने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सुनेने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. पाठ केलेलं वाक्य आजोबांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"गणित," गुंडी म्हणाली. "गणित... छोट्या खोलीत." पुन्हा थांबली. "बाकी... सगळं... माझ्या वर्गात."

सून चमकली. हे तिला कुणी पढवलं नव्हतं, घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आजोबांनी आपलं वाक्य पुढे केलं असतं, तर गुंडीने मान डोलावली असती आणि हे कायमचं आतच राहिलं असतं.

"गणित छोट्या खोलीत का गं?"

बराच वेळ गेला. "तिथे... थांबतात."

"म्हणजे मोठ्या वर्गात आम्ही थांबत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. गुंडीने मान डोलावली. वर्गशिक्षिका कसनुशी हसली, मग म्हणाली, "खरंय तिचं." आणि ठरलं. वर्ग तोच, गणितापुरती छोटी खोली, आणि गुंडी बोलत असताना बाकी सगळ्यांचे हात खाली. सुनेने डोळे पुसले. पेनं बंद झाली, खुर्च्या सरकल्या.

"झालं ना तुझं सांगून?" विशेष शिक्षिकेने विचारलं.

'हो हो, झालं तिचं' म्हणायला आजोबांचं तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं.

"नाही," गुंडी म्हणाली.

सगळे परत बसले. बाहेर घंटा झाली, व्हरांड्यातून मुलांचा लोंढा धडधडत गेला, पुन्हा शांत झालं.

"घरी... पण," गुंडी म्हणाली, आणि तिने आजोबांकडे पाहिलं. "थांबायचं."

सुनेला एकदम हसू फुटलं, मग तिने आजोबांचा चेहरा बघून ते आवरलं. आजोबांना ते लागलं, चांगलंच लागलं, आणि तरी त्यांचा ऊर भरून आला.

"लिहा बाई," ते म्हणाले. "तेही त्यात लिहा."

जन्मभर कुजबुजत आलेल्या माणसाचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला.