डोळे न लिहिलेलं कव्हर

कॅसेटचं कव्हर बघून आतलं गाणं ओळखायचा मला नाद होता. कव्हरवर समई, वीणा, मोर आणि सूर्योदय एवढं सगळं असलं की आतला गायक बेसूर निघतो, असं माझं मत झालं होतं. ते बदलायची वेळ फारशी आली नाही.

माझी ताई रोह्याला दिलेली. तिथल्या बाजारात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर विकणाऱ्या एका शेठनी गौरी-गणपतीच्या आधी बायकांच्या गाण्यांची कॅसेट काढायचं ठरवलं आणि ताईकडून आठ गाणी म्हणून घेतली. सगळी आईकडून शिकलेली, सासरी बसून माहेरची वाट बघणाऱ्या बायकांची. पण आई पेणला माझ्याकडे होती आणि तापात कान गेल्यापासून तिला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नव्हता.

ताईनं चिठ्ठी पाठवली : 'आईला कॅसेट ऐकता येणार नाय. कव्हर बघून तरी तिला कळलं पाहिजे मी काय म्हटलंय. चित्र मामालाच काढू दे.'

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा; तिथं त्याला डोळे लिहिणं म्हणतात. शेठ त्याच्याकडे यादी घेऊन आले. समई, मोर, कमळ आणि वरच्या कोपऱ्यात लंबगोलात स्वतःचा फोटो. मामानं यादी बाजूला ठेवली आणि कॅसेट तीनदा ऐकली.

"यात मोर नाय," तो म्हणाला.

"शोभेला हो."

"एवढं रडवतेय पोरगी, तिथं मोर काय करील? आणि तुम्ही तरी काय कराल?"

शेवटी शेठ कव्हरच्या मागच्या बाजूला जायला कबूल झाले.

मामानं चित्र काढलं ते असं : उंबऱ्यावर बसलेली बाई, हनुवटी गुडघ्यावर, पुढ्यात रिकामी पायवाट. दिवेलागणीच्या आधी घरात असतो तसला मळकट पिवळा उजेड. चेहरा ताईचा. फक्त डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत कोऱ्या जागा. घेऊन जाणारं माणूस समोर आल्याशिवाय डोळे लिहायचे नाहीत, हा मामाचा नियम. गिऱ्हाईक पाट घेऊन दारात आलं की मगच तो बारीक ब्रश हातात घ्यायचा. इथं घेऊन जाणारं माणूस म्हणजे ताई. ती शनिवारी येणार होती.

शनिवारी तिची सासू अंगणात घसरून पडली आणि ताई अडकली. सोमवारी मामा जेवायला घरी गेला असताना शेठ कारखान्यात आले, चित्र तयार दिसलं, ते उचलून थेट छापखान्यात गेले. डोळे नाहीत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. स्वतःचा फोटो नीट छापला जातोय ना, हे मात्र त्यांनी उभं राहून पाहिलं असणार, कारण तो फारच स्वच्छ आला होता.

कॅसेट आली तेव्हा मामा ओट्यावरच थांबला.

"बिनडोळ्यांची मूर्ती कुणी घरात देतं काय? तिला काय सांगू? तुझी पोरगी आंधळी काढली म्हणून?"

"मी दाखवतो," मी म्हटलं.

आईनं डबी हातात घेतली. आधी मागची बाजू वर आली.

"हा कोण रे?"

मी हातानं रेडिओचं बटण पिळल्यासारखं केलं. "बरा हाय," ती म्हणाली आणि डबी उलटी केली.

ओट्यावर मामाचं खोकणं थांबलं होतं. आईनं डबी दाराच्या उजेडात धरली, चेहऱ्यावरून अंगठा फिरवला.

"डोळे मिटलेत गो," ती चित्राला म्हणाली. मग मला, "वाट बघून झाली, आता कोण येत नाय, असं हाय बघ त्या गाण्यात. तिथं मिटायचीच ती डोळे. लहान होती तवापासून."

आणि ती ते गाणं म्हणायला लागली. बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, वरखाली जाणारा आवाज. मी कॅसेट लावली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. आई केव्हाच पुढे गेली होती, मायलेकींचा मेळ काही बसला नाही. मामा आत येऊन दाराशी बसला.

आई गेल्यावर ताई दिवसकार्यासाठी पेणला आली, तेव्हा मामानं छापखान्यातून परत आणलेलं मूळ चित्र आणि बारीक ब्रश काढला.

"बस समोर. राहिलंय तेवढं करतो."

ताई चित्राकडे बघत राहिली. "नको मामा. आईनं बघितलंय ते असंच."

मामानं ब्रश पुसून ठेवला. पुढं त्यानं तो विषय काढला नाही.

कॅसेटच्या फितीला बुरशी धरली, त्यालाही आता वर्षं झाली. रविवारी ताईचा रोह्याहून फोन येतो. माझेही कान आता आईच्या वाटेनं चाललेत. ताईचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. मी हं हं करतो आणि फडताळावरची डबी उतरवून दाराच्या उजेडात धरतो.