ओला डाख

“हलवू नका, अजून ओला आहे,” हे बाबांचं कायमचं पालुपद. गाड्यांचे गळके रेडिएटर सांधण्यात त्यांचा जन्म गेला. सांध्यावर वितळवलेला शिसं-कथलाचा डाख निवताना कुणी पाइपला हात लावला की हेच ऐकवायचे.

लेकीला लहानपणी हसू यायचं. धातू कसला ओला? पुढे कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला शिसं-कथलाच्या वितळण्याचा आलेख फळ्यावर उमटला आणि तिला बाबा आठवले. शिसं एकटं फार आच मागतं, कथील त्याहून कमी. दोघं मिसळली की कथलाहूनही कमी आचेत विरघळू लागतात. म्हणून दोन्हीकडच्या रेषा उतरत येऊन एका बिंदूत भेटतात. नेमक्या त्या प्रमाणातलं मिश्रण एकदमच गोठतं. बाकीची मध्येच रेंगाळतात, थोडी घट्ट, थोडी पातळ. सुट्टीत तिनं तो आलेख दुकानाच्या भिंतीवर खडूनं काढला.

आई चहा घेऊन आली होती. म्हणाली, “म्हणजे मी कथील. यांना विरघळवायला मीच लागते!”

त्याला आता वर्षं लोटली. खडूच्या रेषा अजून भिंतीवर होत्या. आई मात्र राहिली नव्हती.

लेक बाबांना आपल्या घरी न्यायला आली होती. सकाळी त्यांना न विचारताच तिनं त्यांचे कपडे भरले आणि मग दुकान गाठलं.

“आलीस? धर हा पाइप.” रेडिएटरच्या सांध्यावर ज्योत फिरली, डाख चांदीसारखा पसरला.

“बाबा, बॅग भरलीय. संध्याकाळी निघू.”

डाखाची चकाकी मावळली. झालं असं समजून तिनं हात काढला, तसा पाइप हलला. सांधा खरखरीत, राखाडी पडला.

“मास्तरीणबाई, पोरांना हेच शिकवता ना?”

“चुकलं, बाबा.”

“पुन्हा तापवू. त्यात काय.”

या खेपेला तिनं श्वाससुद्धा रोखून धरला. बाबा भिंतीकडे बघत होते.

“बॅग कुठली? निळी?”

“हो.”

“तिच्यात हिच्या साड्या होत्या.”

“काढून पलंगावर ठेवल्यात.”

बाबांनी ज्योत विझवली. मग हळूच म्हणाले, “हलवू नकोस. अजून ओला आहे.”

तिनं खाली पाहिलं. डाख केव्हाच घट्ट झाला होता.

“बरं,” ती म्हणाली. “साड्या परत आत ठेवते. आज नाही निघत.”

बाबांनी नाक ओढलं, रेडिएटर खांद्यावर घेतला आणि तो पोचवायला गॅरेजकडे चालू लागले. वळणावर त्यांनी खांदा बदलला. मागे पाहिलं नाही. लेक दारात उभी होती, पाइपाची ऊब अजून तळहातात घेऊन.