ढालीवरचा अंगठा

हल्लीच्या ऑनलाइन गेमांबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. हे गेम बनवणाऱ्यांना माणसाची कटकट वाटायला लागली आहे. आम्ही खेळायचो त्या गेममध्ये पूर्वी या गावाहून त्या गावाला चालत जावं लागायचं. होडी येईपर्यंत धक्क्यावर बसून राहायचं. तिथं कुणी अनोळखी भेटायचा, गप्पा मारायचा, छातीठोकपणे चुकीचा रस्ता सांगायचा. आता पिवळा बाण दिसतो आणि आपला गडी आपोआप पळतो, आपोआप लढतो. औत आपोआप चालणार असेल तर मी बांधावर कशाला बसू, एवढाच माझा प्रश्न आहे.

आखाडा बाळापूरच्या बाजारात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आली की तिच्यात तांब्याची नवी तार भरून द्यायची. शेजारच्या गाळ्यात माझा मित्र, टेलर. लाइट गेली की माझं टेस्टिंग आणि त्याची मशीन, दोन्ही ठप्प. मग आम्ही मधल्या ओट्यावर बसून आपापल्या फोनवर एकत्र खेळायचो. तो ढालवाला, मी वैद्य. ढालवाल्याच्या हातून माशी मरत नाही आणि वैद्य पहिल्या फटक्यात आडवा होतो. एकएकटे आम्ही दोघंही बिनकामाचे. ज्यानं हे आखलं तो कधीतरी दुसऱ्याच्या भरवशावर जगला असणार, असं मला वाटायचं.

ढालीचं बटण दाबून धरावं लागे. अंगठा उचलला की ढाल खाली. लोक तक्रारी लिहायचे, अंगठे दुखतात, ही काय रीत झाली? मला अख्ख्या गेममध्ये तेवढीच गोष्ट अकलेची वाटायची. आपल्यासाठी कुणीतरी अंगठा दाबून बसलंय, हे कळत राहायचं.

आमची रीत सावडीची होती. साखऱ्याला, माझ्या गावी, आमच्या घरी एकच बैल. वडील शेजाऱ्याच्या एका बैलाशी जोडी लावून पेरायचे. आधी आपलं रान, मग त्याचं. तसंच इथं. माझ्या औषधाच्या झोळीसाठी आम्ही अख्खी दलदल तुडवली होती. पुढची बारी त्याची. खिंडीतला राक्षस पडला की काळी घोडी मिळते, ती त्याला हवी होती.

"निकाहला जीपमधून गेलो, मिस्तरी," तो म्हणायचा. "घोडी काय भेटली न्हाई. हितं तरी बसू द्या की!"

घोडीच्या आधी तो गेला. शिवता शिवता छातीत कळ आली, नांदेडला पोचेपर्यंत सगळं संपलं. मी कब्रस्तानात माती दिली, परत येऊन दुकान उघडलं आणि एका गिऱ्हाइकाची मोटार भरली. चांगली भरली. मला काही वाटत नव्हतं. लोक म्हणत, रडून मोकळं व्हा. रडायला आतून काहीतरी वर यावं लागतं. माझ्या आत लाइट गेल्यासारखं होतं. मी जेवत होतो, झोपत होतो, गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. शेजारचं शटर बंद दिसायचं, तेही दिसायचं तेवढंच.

मग गेममध्ये सूचना आली. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येकाला मशीननंच चालवलेला सोबती मिळणार. ढाल आपोआप धरली जाणार. जोडीच्या जुन्या लढाया बंद. आता कुणाची वाट पाहायला नको, असं लिहून बाजूला फटाके उडत होते. मला रागसुद्धा आला नाही. फक्त आठवलं, की त्याची बारी राहिली आहे.

सावडीच्या घरात मयत झाली तरी त्याचं रान पेरून द्यावंच लागतं. वडिलांनी तसं औत नेलेलं मी पाहिलं आहे. गेममधली सावड फेडायला निघालेला शहाणा मात्र माझ्याशिवाय दुसरा नसेल.

त्याचा चाळिसावा होऊन गेला होता. वहिनी इद्दतीत, नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात, आतल्या खोलीत. बाहेर त्याच्या अम्मा बसल्या होत्या. मी त्याचा फोन मागितला. फोन पूर्ण चार्ज होता.

"रोज लावून ठेवते," अम्मा म्हणाल्या. "काहून, ते मलाच म्हाईत न्हाई."

मी सगळं सांगितलं. गेम त्यांना कळला नाही, पण सावड लगेच कळली. त्यांचं माहेर पुसेगावचं, शेतकऱ्याचं.

"म्हंजे त्याचं काम ऱ्हायलंय तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "मी काय करू?"

मी त्याचा गडी खिंडीत नेऊन राक्षसासमोर उभा केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"हितं अंगठा ठेवा, अम्मा. उचलायचा न्हाई. बाकी मी बघतो."

त्या राक्षसाला मारावं लागत नाही. त्याचा मार ढालीवर आपटून त्याच्यावरच उलटतो. फक्त ढालवाल्यानं टिकायचं आणि वैद्यानं त्याला टिकवायचं. माझ्या फोनवर तो माझ्यापुढे उभा होता, पाठमोरा. मी मागून औषध देत होतो. अम्मांनी स्क्रीनकडे एकदाही पाहिलं नाही. त्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होत्या आणि ओठ हलत होते. बराच वेळ गेला. मग राक्षस पडला आणि घोडी येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. काळी होती, बरी होती. मला तेव्हाही काही वाटलं नाही.

"झालं का, बेटा?"

"झालं, अम्मा. सावड फिटली."

"घोडी भेटली त्याला?"

"भेटली."

"मग उचलू का? अंगठा बधीर झालाय माझा."

खिंड मोकळी होती. समोर कुणी नव्हतं, तरी तो माझ्यापुढे ढाल धरून उभा होता. उचला, एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. पहिल्यांदाच आतून काहीतरी वर आलं आणि फोनवरचं काही दिसेनासं झालं.

"जरा ऱ्हाऊ द्या, अम्मा."

त्यांनी दुसरा हात त्या हाताखाली टेकवला आणि अंगठा तसाच दाबून धरला.