भिंतीकडे तोंड

"भिंतकडे तोंड कर वं. पासवर्ड टाकी ऱ्हायनू मी."

सर असं म्हणाले की मी खुर्चीवरून उठायचे आणि भिंतीकडे वळायचे. नंदुरबारच्या एका खासगी कॉलेजात मी लॅब असिस्टंट होते. लॅबमधल्या बाकी दोन्ही असिस्टंट पोरांना तो पासवर्ड तोंडपाठ. ती सरांच्या भाऊबंदांतली. मी डोंगरातली, भिलाची. "तुमना लोकेसना काय भरोसा," सर हसत म्हणायचे. मीही हसायचे. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

लिनक्सवर कमांडसाठी पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. साधा ठिपकासुद्धा नाही. तरी मला भिंत.

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. वरच्या टोकाला नर्मदेचं निळं. मणिबेलीचं आमचं जुनं घर त्या निळ्याखाली आहे. माझ्या जन्माआधीच धरणात बुडालं. होडीतून जाताना बाबा पाण्याकडे बोट दाखवतात, इथं चूल होती. मी त्या निळ्याकडे बघत उभी राहायचे. पाठीमागे आठ टकटक, मग एंटर.

त्या दिवशी बारा मशीनवर कंटेनरचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. एकेक प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात ठेवणारं. ते कसं टाकायचं, हे लॅबमध्ये फक्त मला येत होतं. वाचून वाचून वहीत उतरवलं होतं. जुनं काढायचं, नवं चढवायचं, चालवून बघायचं. दर मशीनला पासवर्ड. दर मशीनला भिंत. पोरं-पोरी बघत बसलेली.

पाचव्या मशीनला मी वळले. पहिल्या बाकावर आमच्याकडची एक पोरगी होती, नुकतीच आलेली. तीही उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे तिला मी शिकवलं होतं.

सहावं मशीन. सर म्हणाले, "भिंतकडे..."

"नाही, सर. मी वळणार नाही."

"मंग ऱ्हाऊ दे काम."

"राहू द्या."

मी वही उचलली. त्या पोरीला खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि बाहेर पडले.

नोकरी गेली. आजही शेजारी कुणी पासवर्ड टाकायला लागलं की माझी मान आपोआप वळते. कानात आठ टकटक सुरू होतात. मी मान ताठ धरते. त्याच्या बोटांकडे सरळ बघते. त्याला नको असेल तर त्यानं वळावं.

मला भिंत दाखवणाऱ्या खोलीत माझी वही उघडणार नाही.